'मानवी चूक' लिहिण्याआधी : पुण्यातल्या आयटी मॅनेजरांना खुलं पत्र

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा आणि बाणेर-बालेवाडीतल्या कंपन्यांत टीम सांभाळणाऱ्या लीड, प्रोजेक्ट मॅनेजर आणि डिलिव्हरी मॅनेजर मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच एक आहे. या क्षेत्रात एकोणीस वर्षं झाली, त्यातली अकरा टीम सांभाळण्यात गेली. हे पत्र कंपनीच्या वरिष्ठांना लिहिता आलं असतं, एचआरला लिहिता आलं असतं, सरकारलाही लिहिता आलं असतं. तुम्हाला लिहितेय, कारण रोस्टर, म्हणजे कुणी कधी काम करायचं याचा तक्ता, आपण भरतो. रात्री कुणाला उठवायचं, कुणाची रजा पुढे ढकलायची, क्लायंटला कुठली तारीख कळवायची, हे कंपनीच्या धोरणात कुठेच सापडत नाही. ते आपल्या लॅपटॉपवरच्या एका एक्सेल शीटमध्ये ठरतं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. शनिवारी रात्री रिलीज होता, म्हणजे नवा कोड चालू यंत्रणेत टाकायचा होता. माझ्या टीममध्ये लातूरकडचा एक मुलगा होता, पाच वर्षांचा अनुभव, काम इतकं नेटकं की त्याचा कोड तपासणाऱ्याला फारसं काही सापडायचं नाही. रात्री पावणेतीनला त्याने जुना डेटा साफ करायची स्क्रिप्ट चालवली. समोर दोन विंडो उघड्या होत्या, एक टेस्टची, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरची, आणि एक प्रॉडक्शनची, म्हणजे क्लायंटचं खरं काम चालतं त्या सर्व्हरची. दोन्ही काळ्या, दोन्हींवर पांढरी अक्षरं, सर्व्हरच्या नावात एका अक्षराचा फरक. स्क्रिप्ट चुकीच्या विंडोत गेली. कॉलवर आम्ही नऊ जण होतो. एंटर दाबल्याचा आवाज आला, मग दोनेक सेकंद काहीच नाही, आणि मग तो हळूच म्हणाला, "मॅम, एक मिनिट." तो आवाज मला अजून ऐकू येतो. बॅकअपवरून डेटा परत आणायला साडेचार तास लागले. खिडकीबाहेर उजाडलं तेव्हा कुठे आम्ही कॉल सोडला.

सोमवारी क्लायंटला आरसीए, म्हणजे घटनेच्या मूळ कारणाचा अहवाल, पाठवायचा होता. तो फॉर्म तुम्हाला पाठ असेल. 'मूळ कारण' या रकान्यात मी लिहिलं, मानवी चूक. 'उपाय' या रकान्यात लिहिलं, संबंधिताला समज दिली, चेकलिस्ट तयार केली. क्लायंटने मान्य केलं आणि तिकीट बंद झालं.

जे लिहिलं नाही ते असं. त्याचा तो सलग अकरावा दिवस होता. आदल्या रात्री दीड वाजता दुसऱ्या मॉड्यूलच्या, म्हणजे सॉफ्टवेअरच्या दुसऱ्या भागाच्या, अलर्टने (आपोआप येणाऱ्या इशाऱ्याने) त्याला उठवलं होतं, त्यानंतर झोप लागली नव्हती. सकाळी नऊला रिलीजची रंगीत तालीम. म्हणजे पावणेतीनला एंटर दाबताना तो पंचवीस तासांहून जास्त जागा होता. हे मला माहीत नव्हतं असं म्हणणं सोपं आहे. अलर्टचा रोस्टर मी भरला होता, तालमीची वेळ मी ठरवली होती, रिलीजवर त्याचं नाव मी घातलं होतं. तिन्ही शीट माझ्याच होत्या, त्या शेजारी शेजारी ठेवून मी पाहिल्या नव्हत्या, एवढंच.

जागरणाचा मेंदूवर काय परिणाम होतो याचा एक प्रयोग १९९७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात छापून आला होता. सतरा तास जागं राहिलेल्या माणसाचा हात आणि नजर यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका घसरतो, चोवीस तासांनंतर तो ०.१० टक्क्यांच्या पातळीला जातो. आपल्या मोटार वाहन कायद्यात मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. त्या रात्री तो मुलगा कायद्याच्या तिपटीहून जास्त 'चढलेला' होता. अशा अवस्थेत गाडी चालवणाऱ्याला पोलीस नाकाबंदीत बाजूला घेतात. मी त्याला प्रॉडक्शनचा पासवर्ड दिला.

दीड आठवड्याने मला एक अनोळखी फोन आला. त्याचे वडील होते. अडीअडचणीला म्हणून मुलाने माझा नंबर घरी देऊन ठेवला होता. "ताई, तुम्हाला त्रास देतोय. पोरगं दिवसा फोन उचलत नाही, रात्री उचललं तर नुसतं हूं हूं करतं. तिकडं काम लई आहे का?" त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच मला काय बोलावं ते सुचेना.

त्या दिवशी चार वाजता मी त्याला कॅन्टीनमध्ये घेऊन गेले. वाकडच्या मेसचा डबा त्याच्या हातात होता, उघडलेलाच नव्हता. बाहेरच्या बाजूला भाजीचं तेल झिरपून वाळलं होतं. "भूक नाही मॅम." मग बराच वेळ गप्प बसून म्हणाला, "कोड वाचायला घेतला की अक्षरं दिसतात, अर्थ लागत नाही. मला वाटतं मला हे काम येतच नाही." पाच वर्षं ज्याच्या कोडमध्ये कुणाला चूक सापडत नव्हती, तो हे सांगत होता. तीन आठवड्यांची रजा घेऊन तो गावी गेला. परत आला, महिनाभर राहिला आणि राजीनामा दिला. मी त्यावर सही केली.

खुणा आधीपासून दिसत होत्या. पूर्वी तो रिव्ह्यूमध्ये, म्हणजे एकमेकांचा कोड तपासताना, भांडायचा, 'हे असं का' म्हणून दहा प्रश्न विचारायचा. त्या रात्रीआधीचे तीन महिने त्याच्या सगळ्या रिव्ह्यूंवर एकच शब्द होता, 'अप्रूव्ह्ड'. स्टँडअपला, म्हणजे रोज सकाळच्या छोट्या बैठकीत, "नो ब्लॉकर्स", काही अडलेलं नाही. काहीही सांगितलं की "ओके मॅम." मला वाटलं, मुलगा आता तयार झाला, वाद घालत नाही. मला त्याचा आनंदही झाला होता, हे इथे लिहिताना जड जातंय.

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये मंजूर केली आणि ती २०२२ पासून लागू झाली. तीत बर्नआउटची नोंद आहे, पण आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणच्या ज्या दीर्घ ताणावर नीट उपाय झाला नाही त्यातून उद्भवणारी, नोकरीशी जोडलेली अवस्था, अशी ती नोंद आहे. तिच्या तीन बाजू सांगितल्या आहेत. शक्ती संपून जाणं, कामापासून मनाने दूर जाणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. पुन्हा वाचा आणि तो न उघडलेला डबा, तो 'अप्रूव्ह्ड' आणि 'मला हे काम येतच नाही' आठवा. तिन्ही माझ्या डोळ्यांसमोर होतं. आणि व्याख्येतच ताणाचा पत्ता दिलेला आहे, कामाचं ठिकाण. मुलाचा स्वभाव, त्याचं मन नाजूक असणं, 'आजकालची पिढी', यातलं काहीही त्या व्याख्येत नाही.

म्हणून कंपनीने ठेवलेल्या श्वसनाच्या आणि योगाच्या सत्रांबद्दल एक सांगते. योगाला माझा विरोध नाही, मी स्वतः रोज सकाळी करते. पण ओझं तसंच ठेवून वाहणाऱ्याला फक्त श्वास कसा घ्यायचा हे शिकवत राहिलो, तर आपण त्याला असं सुचवतो की दोष त्याच्या श्वासात आहे. मानसिक आधार लागेलच, आणि तो मागण्यात काही कमीपणा नाही. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते, मराठीतही बोलता येतं. हा नंबर मी टीमच्या ग्रुपवर वर पिन करून ठेवलाय. रोस्टर मात्र टेली-मानसवाले दुरुस्त करणार नाहीत.

आता कामाचं बोलू, कारण तुमच्या मनात हेच असणार की डिलिव्हरीचं, म्हणजे काम वेळेत क्लायंटच्या हाती देण्याचं, काय. माझं म्हणणं असं आहे की डिलिव्हरीसाठीच हे करायला हवं.

इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धाच्या काळात दारूगोळ्याच्या कारखान्यांत राबणाऱ्या बायकांच्या कामाच्या तासांच्या आणि उत्पादनाच्या नोंदी ठेवल्या गेल्या होत्या. स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ जॉन पेनकॅव्हल यांनी त्या पुन्हा तपासून २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. आठवड्याला साधारण ४९ तासांपर्यंत उत्पादन तासांच्या प्रमाणात वाढत होतं, पुढे वाढ मंदावत गेली. ७० तास राबून निघालेला माल ५६ तासांत निघणाऱ्या मालाहून फारसा जास्त नव्हता. म्हणजे वरचे चौदा तास बाईच्या अंगावर गेले आणि तोफगोळे फारसे वाढले नाहीत. आठवड्याची सुट्टी बुडाली की उत्पादनही घटत होतं, हेही त्यांनी नोंदवलं आहे. तिथे काम हाताचं होतं. आपल्याकडे ते डोक्याचं आहे, आणि थकलेलं डोकं नुसतं कमी काम करून थांबत नाही, ते चुकीचं काम करून ठेवतं. ते निस्तरायला आपण आणखी एक रात्र लावतो.

शरीराचा हिशेब वेगळाच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्रित अंदाज प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी, आणि हृदयाला रक्त कमी पडून होणाऱ्या विकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. पंचावन्न तास म्हणजे पाच दिवस, रोज अकरा तास. सकाळी साडेनऊचा स्टँडअप आणि रात्री साडेआठला संपणारा कॉल. आपल्या किती जणांचा दिवस असाच असतो, हे शीट न उघडताही तुम्हाला सांगता येईल. यात वाकडच्या पुलाखाली आणि भूमकर चौकात ट्रॅफिकमध्ये गेलेला वेळ धरलेलाच नाही.

भूमकर चौकाचा विषय निघालाच आहे तर युटिलायझेशनबद्दल, म्हणजे माणसाचा किती वेळ कामात लावला जातो त्याबद्दल, बोलते. शंभर टक्के बिलेबल (क्लायंटच्या बिलात लावता येणारा वेळ), शंभर टक्के वापर हे आपलं उद्दिष्ट असतं. संध्याकाळी सातला तो चौक शंभर टक्के वापरात असतो, एक इंच रस्ता रिकामा नसतो, आणि म्हणूनच तिथून कुणी पुढे सरकत नाही. रांगांच्या शास्त्रात याचं साधं गणित आहे. काम करणारा एक असेल आणि कामं वेळी-अवेळी येत असतील, त्यांना लागणारा वेळही अनियमित असेल, तर तो ८० टक्के व्यग्र असताना नव्या कामाला सरासरी एका कामाच्या चौपट वेळ रांगेत थांबावं लागतं. ९० टक्क्यांना नऊपट. ९५ टक्क्यांना एकोणीसपट. शेवटच्या पंधरा टक्क्यांसाठी आपण रांग जवळपास पाचपट करतो आणि वर टीम हळू आहे म्हणतो. प्रॉडक्शनमधला बिघाड वेळी-अवेळीच येतो, क्लायंटचा 'छोटासा बदल'ही तसाच. मोकळी जागा ठेवलेली नसेल तर ती झोपेतून कापली जाते, दुसरीकडून निघत नाही.

मी आता अंदाज देताना माणशी दिवसाला पाच तासच धरते. आठ तासांतून स्टँडअप, रिव्ह्यू, मेल, ज्युनिअरला समजावणं हे वजा केलं की तेवढेच उरतात. पहिल्यांदा असा अंदाज दिला तेव्हा सेल्सवाले चिडले. तारीख तीन आठवडे पुढे गेली होती. पण जुन्या पद्धतीने दिलेल्या तारखाही प्रत्यक्षात तेवढ्याच पुढे जात होत्या, फक्त त्या आम्ही शेवटच्या आठवड्यात कळवत होतो.

शिवाय ज्या ॲजाइल या सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीच्या नावाने आपण रोज सकाळी उभं राहून बोलतो, त्याचा जाहीरनामा २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटामध्ये सतरा जणांनी एकत्र बसून लिहिला. त्याच्या बारा तत्त्वांपैकी एक नेमकं हेच सांगतं, की पैसे देणारे, काम करणारे आणि वापरणारे या सगळ्यांना तीच गती कितीही काळ टिकवता आली पाहिजे. स्प्रिंट (दोन आठवड्यांचा कामाचा टप्पा), स्टँडअप, व्हेलॉसिटी (टप्प्यागणिक काम उरकण्याचा वेग) आपण घेतलं, हे तेवढं सोडलं. स्प्रिंट या शब्दाचा अर्थच जोराची धाव, आणि तशा धावा आपण वर्षाला सव्वीस घेतो, एकीची दुसरीला जोडून.

कॉलच्या वेळेचं सांगायलाच हवं, कारण यात कुणाचा एक रुपया जात नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासाने मागे जातात आणि तोच कॉल इकडे साडेसातला येतो. मार्चपर्यंत तसाच राहतो. दर वर्षी चार महिने पुण्यातली हजारो माणसं एक तास उशिरा घरी जातात, कारण कॅलेंडरने आपोआप तसं केलं आणि कुणी काही बोललं नाही. माझ्या टीममधल्या दोघी जणी तो कॉल स्वयंपाकघरात एका कानात इअरफोन घालून घ्यायच्या. कुकरची शिट्टी होण्याआधी माइक बंद करायचा, हे त्यांना इतकं सवयीचं झालं होतं की एकीचा हात बोलता बोलता आपोआप बटणावर जायचा. मुलाचा गृहपाठ पलीकडे तसाच पडलेला.

'क्लायंट ऐकणार नाही' असं मी सात वर्षं धरून चालले होते. शेवटी एका ऑक्टोबरात विचारलं, हिवाळ्यात तुमच्या आठला कॉल घेता येईल का? पलीकडच्या बाई म्हणाल्या, मी साडेसातलाच ऑफिसला येते, आधी का नाही सांगितलंत? विषय दोन मिनिटांत संपला. सगळे क्लायंट असे नसतात, मला माहीत आहे. पण मी सात वर्षं विचारलंच नव्हतं. ज्यांचे कॉल पश्चिम किनाऱ्याशी आहेत, त्यांच्यासाठी रात्री साडेनऊ-साडेदहा टळत नाही. मग त्यांना दुसऱ्या दिवशी साडेनऊच्या स्टँडअपला का बोलवायचं? त्यांचा दिवस बाराला सुरू होऊ द्या आणि ते टीमच्या कॅलेंडरवर सगळ्यांना दिसेल असं लिहा. नुसतं 'उशिरा आलास तरी चालेल' म्हटलं की माणूस उशिरा येत नाही.

रात्रीच्या अलर्टचंही तसंच. आम्ही महिनाभर प्रत्येक अलर्टपुढे लिहून ठेवलं, उठून नेमकं काय केलं. बहुतेकांपुढे 'पाहिलं आणि बंद केलं' एवढंच होतं. डिस्क ऐंशी टक्के भरली म्हणून फोन वाजायचा, पहाटे लॉग साफ करणारं काम चाललं की ती आपोआप रिकामी व्हायची. असल्या अलर्टसाठी माणसं वर्षभर उठत होती. ते सगळे सकाळच्या यादीत टाकले. जे खरोखर उठवण्यासारखे उरले त्यांच्यासाठी पाळी लावली आणि नियम केला, रात्री उठावं लागलं तर दुसरी सकाळ सुट्टी, विचारायचं नाही, फक्त कळवायचं. पाळीला चारच माणसं होती, दर चौथा आठवडा यायचा, तो जड गेला. शेजारच्या प्रोजेक्टमधली दोघं मिळवायला मला सात महिने भांडावं लागलं. शुक्रवारी रिलीज नको हा नियम मात्र टिकला नाही. तिमाहीअखेर आली की मोडतो. त्यावर अजून मला उपाय सापडलेला नाही.

रजेचं एक उदाहरण. आमची एक सहकारी गणपतीला गुहागरला गेली होती. घरात आरती चाललेली आणि ही मागच्या पायरीवर, जिथे मोबाइलला दोन दांड्या रेंज येते तिथे, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली. तिने फोटो टीमच्या ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. आता आम्ही प्रत्येक मॉड्यूलला दोन माणसं ठेवतो आणि रजेच्या आदल्या आठवड्यात एक दिवस पहिल्या माणसाला त्या कामापासून पूर्ण बाजूला ठेवून पाहतो. कुठे अडतं ते त्याच दिवशी कळतं, तो माणूस समोर बसलेला असताना.

आणि अप्रेझल. रात्रभर बसून सर्व्हर वर आणणाऱ्याला आपण स्पॉट अवॉर्ड देतो, सगळ्यांसमोर नाव घेतो. जिच्या मॉड्यूलने वर्षभरात कुणालाही रात्री उठवलं नाही, तिचं नाव कुणाच्या तोंडी येत नाही. मुलं पाहत असतात आपण कशाला टाळ्या वाजवतो ते. गेल्या दोन वर्षांत मी 'शांत चाललेलं मॉड्यूल' हा मुद्दा रेटिंगच्या चर्चेत लेखी मांडते. बेल कर्व्हशी, म्हणजे ठरावीक जणांनाच वरचं रेटिंग देण्याच्या पद्धतीशी, भांडण होतं, पण एकदा तो मुद्दा मान्य झाला आणि त्या मुलीला प्रमोशन मिळालं.

'आम्हीही असेच वर आलो' हे वाक्य मी आपल्यातल्या अनेकांच्या तोंडून ऐकलंय, आणि स्वतःही म्हटलंय. खरं आहे, आलो. पण आपल्याबरोबर रुजू झालेले सगळे आज मीटिंगमध्ये बसलेले नाहीत. जे थकून गेले, ज्यांनी क्षेत्र सोडलं, ज्यांची तब्येत कायमची बिघडली, त्यांना कुणी 'तुम्ही कसे आलात' असं विचारलेलं नाही. माझ्या बॅचमधली दोघं मला आत्ता लिहिताना आठवताहेत.

कायद्याचं थोडक्यात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तास, जादा कामाला दुप्पट मोबदला, आणि तीन महिन्यांत जास्तीत जास्त १२५ तास जादा काम अशी मर्यादा घातली गेली. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने दिवसाचे नऊचे दहा तास आणि १२५ चे १४४ तास करायला मंजुरी दिली. कामानंतर फोन न उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या अखेरीस लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. व्यवस्थापकीय पदावरच्यांना तासांची मर्यादा लागू होत नाही, आणि कुणाला कुठलं पद चिकटवायचं हा वाद वकील करतील. आपल्याला आपल्या टीमचे तास मोजायला कुठल्याच कायद्याने मनाई केलेली नाही.

आठवड्याची सुट्टीसुद्धा आपल्याला कुणी सहज दिलेली नाही. आपल्याच जिल्ह्यातलं, खेड तालुक्यातलं कनेरसर हे नारायण मेघाजी लोखंडे यांचं मूळ गाव. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु' वृत्तपत्राचे संपादक. मुंबईच्या गिरण्यांत बिनसुट्टीचं राबणाऱ्यांसाठी त्यांनी १८८४ मध्ये संघटना उभी केली आणि सहा वर्षं चिकाटीने मागणी लावून धरली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा आमच्या खंडोबाचा वार, असंही त्यांनी तेव्हा पटवून दिल्याचं सांगतात. ज्या रविवारी पहाटे मी त्या मुलाला जागं ठेवलं होतं, तो हा रविवार. आपल्या रोस्टरमध्ये तो फक्त 'वीकएंड सपोर्ट' म्हणून उरलाय.

तुमच्याकडे माझं मागणं मोठं नाही. तुमच्या आरसीएच्या फॉर्ममध्ये 'मूळ कारण' या रकान्याच्या वर दोन ओळी वाढवा. घटनेच्या वेळी संबंधित व्यक्ती किती तास जागी होती, आणि तिचा हा सलग कितवा कामाचा दिवस होता. आमच्या फॉर्ममध्ये त्या गेली तीन वर्षं आहेत. पहिल्यांदा क्लायंटला असा फॉर्म गेला तेव्हा आमच्याच वरिष्ठांनी विचारलं, हे कशाला दाखवायचं? दाखवायचं यासाठी, की त्या ओळी भरताना मॅनेजरला स्वतःच्या तिन्ही शीट शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात. रोस्टर भरतानाच त्या ठेवायची सवय मला तिथून लागली. त्यानंतर 'मानवी चूक' हे शब्द माझ्या हातून एकदाच लिहिले गेले, आणि तेव्हा तो माणूस आठ तास झोपून आला होता.

मेलबद्दलही एक विनंती, विशेषतः तुम्हाला स्वतःला रात्री काम सुचत असेल तर. लिहा, पण सकाळी नऊला जाईल असं लावून ठेवा. 'लगेच उत्तर नको' असं खाली लिहिलेला रात्री अकराचा मेलही समोरचा अकरालाच वाचतो. तुमची झोपसुद्धा याच हिशेबात धरा. त्या पावणेतीनच्या कॉलवर मीही एकवीस तास जागी होते. स्क्रिप्ट चालवण्याआधी 'सर्व्हरचं नाव मोठ्याने वाच' एवढं म्हणायला मला सुचलं नाही.

पुढचा रिलीज शनिवारी रात्री असेल तर हे पत्र बाजूला ठेवून रोस्टर उघडा. रिलीजवर ज्यांची नावं आहेत, त्यांच्या शुक्रवार रात्रीच्या रकान्यात दुसऱ्या कुणाचं तरी नाव टाका, आणि सोमवारच्या रकान्यात 'सुट्टी' लिहा.

आपली,
तुमच्यातलीच एक डिलिव्हरी मॅनेजर
वाकड, पुणे